आत्मघाती ड्रोन : कुणाचा आत्मा, कुणाचा घात?

युक्रेनमधल्या युद्धाच्या बातम्या येऊ लागल्यापासून मराठी वृत्तपत्रांत एक शब्दजोडी चांगलीच रुळली आहे : ‘आत्मघाती ड्रोन’. कीव्हवर आत्मघाती ड्रोनचा मारा झाला, तेलशुद्धीकरण प्रकल्पावर आत्मघाती ड्रोन आदळले, अशी वाक्यं आपण न अडखळता वाचून जातो. या जोडीची फोड करायला बसलं की मात्र ती हातात टिकत नाही. आत्मघात करायला आधी आत्मा लागतो. निदान मरायला तयार असलेला किंवा मरायला भाग पाडलेला कुणीतरी लागतो. इथे तसा कुणी नाही. तो असू नये म्हणूनच तर हे यंत्र जन्माला आलं. घात होतो तो शेकडो किलोमीटर पलीकडे झोपलेल्या माणसांचा. मग हा शब्द आला कुठून, आणि तो झाकतो काय? त्यासाठी आधी ‘ड्रोन’चं मूळ पाहायला हवं.

हा शब्द मराठीत येऊन फार काळ झालेला नाही, पण त्याने संसार मोठा थाटला आहे. लग्नाचं चित्रण करायला ड्रोन येतो, सोयाबीनवर फवारणीला ड्रोन येतो, गावठाणाची मोजणीही ड्रोनने होते. सरकारी कागदांत आधी ‘मानवरहित विमान प्रणाली’ असा लांबलचक शब्द होता. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी सरळ ‘ड्रोन’ स्वीकारला. मराठीने त्याचं लिंग अजून पक्कं केलेलं नाही. कुणी ‘ड्रोन पडला’ म्हणतं, कुणी ‘ड्रोन पडलं’. मूळ अर्थ पाहिला तर हा वाद सहज मिटावा, कारण या शब्दाचा जन्मच नराच्या नावाने झाला आहे.

जुन्या इंग्रजीत ‘ड्रान’ म्हणजे नर मधमाशी. आपले मधपाळ पोळ्यातल्या माशांचे तीन वर्ग सांगतात : राणी, कामकरी आणि नर. नराला नांगी नसते. तो मकरंद आणत नाही, पोळं बांधत नाही, पहारा करत नाही. फलन न झालेल्या अंड्यातून तो जन्मतो, म्हणजे त्याला आई असते, बाप नसतो. आयुष्यात त्याला एकच काम, राणीशी मीलन. ते हवेत उडता उडता होतं आणि त्यातच तो मरतो. ज्याच्या नशिबी हे येत नाही त्याला थंड प्रदेशांत हिवाळ्याच्या तोंडावर कामकरी माशा पोळ्याबाहेर हाकलतात. सोळाव्या शतकात इंग्रजीने या नरावरून माणसाला नाव ठेवलं : ड्रोन म्हणजे आयतोबा. पी. जी. वुडहाउसच्या कादंबऱ्यांतल्या रिकामटेकड्या श्रीमंत तरुणांच्या क्लबाचं नाव ‘ड्रोन्स’ आहे, ते यामुळेच. गंमत अशी की आपल्या एकमेव कामात खरोखर जीव गमावणारा ड्रोन हाच. त्याला मात्र आजवर कुणी आत्मघाती म्हटलेलं नाही.

शब्दाच्या आणखी खाली गेलं तर आवाज लागतो. नर माशी अंगाने जाड, तिची घरघर मोठी, आणि ‘ड्रोन’ हे त्या आवाजाचं नाव असावं, असं व्युत्पत्तिकार मानतात. इंग्रजीत त्याच शब्दाचं क्रियापद झालं : एकसुरी घोंघावणं. बॅगपाइपमध्ये एकच स्वर अखंड धरणाऱ्या नळीलाही ड्रोन म्हणतात, आणि हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत लिहिणारे आपल्या तानपुऱ्याला ‘ड्रोन’चं वाद्य म्हणतात. मिरजेत घडलेला, जवारी लागलेला तानपुरा आणि कीव्हच्या आकाशातलं यंत्र इंग्रजी कोशात एका नोंदीखाली यावेत, हा योग विलक्षणच. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा धागा ग्रीक ‘थ्रेनॉस’शी, म्हणजे विलापगीताशी, आणि संस्कृत धातुपाठातल्या ‘ध्रण्’शी, म्हणजे आवाज करण्याशी, जोडतात. आपल्या ‘द्रोणा’शी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही. द्रोण म्हणजे लाकडी पात्र. त्यात जन्मले म्हणून आचार्य द्रोण, आणि पंगतीतला पानांचा द्रोणही त्याच घरातला. अस्त्रविद्येच्या गुरूशी नाव जुळतं म्हणून कोटी करायला हरकत नाही, ती व्युत्पत्ती समजू नये.

संस्कृतने भुंग्याला नाव देताना कान लावला नाही, डोळा लावला. भ्रमर म्हणजे भ्रमण करणारा. फुलाफुलांवर फिरत राहणारा, कुठे बसायचं ते उडता उडता ठरवणारा. आज शस्त्रांच्या बाजारात एका जातीला ‘लॉयटरिंग म्युनिशन’ म्हणतात. ते लक्ष्याच्या परिसरात जाऊन रेंगाळतं, शोधतं आणि सापडलं की झेप घेतं. मराठीत यासाठी ‘घिरट्या घालणारा’ हा शब्दप्रयोग तयार आहे. कोकणात भात भरडायच्या जात्याला घिरट म्हणतात; गोल गोल फिरण्याची कल्पना दोन्हींत आहे. घार घिरट्या घालते म्हटलं की खाली कोंबडीची पिल्लं आहेत हे सांगावं लागत नाही. मराठी माणसाच्या कानाला घिरटीत धोका ऐकू येतोच.

माशीचं नाव विमानाला लागलं त्याची हकीकत १९३५ च्या सुमाराची. ब्रिटिश नौदलाला विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी उडतं लक्ष्य हवं होतं. डी हॅविलंड कंपनीने आपल्या छोट्या दुपंखी विमानात बदल करून ते रेडिओवर चालेल असं केलं. कंपनीचे संस्थापक जॉफ्री डी हॅविलंड ‘मॉथ’चे, म्हणजे पतंग या कीटकांचे, शौकीन, त्यामुळे त्यांच्या विमानांची नावं ‘टायगर मॉथ’, ‘जिप्सी मॉथ’ अशी असत. या नव्या विमानाचं नाव पडलं ‘क्वीन बी’, राणी माशी. त्याचं प्रात्यक्षिक अमेरिकेचे अ‍ॅडमिरल विल्यम स्टँडली यांनी पाहिलं, परत गेल्यावर तसंच काही बनवायचं काम कमांडर डेल्मर फार्नी यांच्याकडे सोपवलं, आणि फार्नींनी ब्रिटिश राणीचा मान राखत आपल्या यंत्राला ‘ड्रोन’ म्हटलं, असं सांगितलं जातं. म्हणजे ड्रोन हा शब्द विमानाला लागला तेव्हा तो मारणाऱ्याचा नव्हता, मार खाणाऱ्याचा होता. लोकांनी गोळ्या झाडून पाडावं यासाठीच त्याला वर पाठवत.

भारतातही क्रम हाच राहिला. संरक्षण संशोधन संस्थेने वैमानिकाविना उडणारं जे विमान सरावासाठी विकसित केलं, त्याचं नाव ‘लक्ष्य’. पुढच्या सरावी विमानाचं नाव ‘अभ्यास’. नावं देणाऱ्याला दाद द्यावी इतकी ही नेमकी आहेत : यंत्र कशासाठी आहे ते नावातच सांगून टाकलं. लक्ष्य असलेला ड्रोन स्वतः लक्ष्य शोधायला निघाला, ही या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कोलांटी आहे.

खरं तर यंत्र शब्दाच्या आधीचं आहे. १९१८ मध्ये अमेरिकेत डेटन शहरी चार्ल्स केटरिंग यांनी स्फोटकं भरलेलं एक लहानसं दुपंखी यंत्र बनवलं. पंख्याचे ठरावीक फेरे झाले की इंजिन बंद पडायचं, पंख सुटायचे आणि धड खाली कोसळायचं. ते युद्धात वापरायच्या आत पहिलं महायुद्ध संपलं. त्याला तेव्हा ‘हवाई टॉर्पेडो’ म्हणत, आणि टॉर्पेडो हेही मुळात एका माशाचं नाव, विजेचा झटका देऊन बधिर करणाऱ्या माशाचं. पाण्यातल्या जिवाचं नाव गेलं आणि पोळ्यातल्या जिवाचं आलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने १३ जून १९४४ पासून लंडनवर व्ही-१ सोडायला सुरुवात केली. त्यात साडेआठशे किलोची स्फोटकं असत. लंडनकरांनी त्यांना ‘बझ बॉम्ब’ म्हटलं, ‘डूडलबग’ म्हटलं. पहिल्यात गुणगुण, दुसऱ्यात किडा. जर्मनांमध्येही त्याला ‘मायकेफर’ असं एक नाव होतं, म्हणजे मे महिन्यात निघणारा भुंगेरा. शत्रू-मित्र दोघांनाही कीटकच सुचला. त्या घरघरीची भीती नव्हती, ती थांबण्याची होती. आवाज बंद झाला की यंत्र खाली येतंय हे शहर शिकलं होतं. ब्रिटनमध्ये या शस्त्राने सहा हजारांहून अधिक माणसं मारली. ऐंशी वर्षांनी युक्रेनचे लोकही शस्त्राला आवाजावरूनच ओळखतात. इराणी बनावटीच्या शाहेद-१३६ ला तिथे ‘मोपेड’ म्हणतात. त्याचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याची फटफट लूनाच्या जातीची.

हा शाहेद आजच्या लांब पल्ल्याच्या ड्रोनचा नमुना म्हणावा असा आहे. साडेतीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, त्रिकोणी. वजन सुमारे दोनशे किलो. वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लढाऊ विमानाच्या तुलनेत रांगणारा. मूळ रूपात तो आधी भरून दिलेल्या ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशाकडे उपग्रहाच्या साहाय्याने जात राहतो आणि तिथे आदळतो. सप्टेंबर २०२२ पासून रशियाने तो युक्रेनमध्ये वापरायला सुरुवात केली, १७ ऑक्टोबरला भर सकाळी कीव्हच्या मध्यभागी त्याचे स्फोट झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत आठशेहून अधिक ड्रोन आणि त्यांचे तोतये सोडले गेल्याचं युक्रेनच्या हवाई दलाने सांगितलं.

‘लांब पल्ल्याचा’ हा शब्द आपण इथे सहज वापरतो, पण मराठीत पल्ला आणि टप्पा हे माणसाच्या ताकदीने मोजायचे शब्द होते. हाकेच्या अंतरावरचं घर, गोळीच्या टप्प्यातलं सावज, तोफेच्या पल्ल्यातला बुरूज. हाक मारणारा गळा, चाप ओढणारं बोट, बत्ती देणारा गोलंदाज यांच्यापैकी कुणी ना कुणी त्या अंतराच्या एका टोकाला दिसायचा. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियातल्या अबकैकच्या तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊन पडली आणि देशाचं निम्मं तेल उत्पादन काही काळ थांबलं. ती सोडली कुणी यावर मग वाद झाला : येमेनच्या हुथींनी जबाबदारी घेतली, अमेरिका आणि सौदी अरेबियाने इराणकडे बोट दाखवलं. तोफेच्या बाबतीत असा वाद पडत नसे. पल्ला लांबला की आधी दिसेनासा होतो तो डागणारा.

आता त्या शब्दाकडे. ‘आत्मघाती’ हे ‘कामिकाझे ड्रोन’चं मराठी रूप आहे. कामिकाझे म्हणजे दैवी वारा. तेराव्या शतकात, १२७४ आणि १२८१ मध्ये, मंगोल आरमार जपानवर चालून आलं तेव्हा वादळांनी ते उधळलं. त्या वादळांचं हे नाव. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्सजवळच्या लेते आखातात जपानी नौदलाने बाँब लावलेली विमानं वैमानिकासह अमेरिकी जहाजांवर घालायला सुरुवात केली, तेव्हा त्या पथकाला हे नाव दिलं. जपानी नौदल त्याच चित्रलिपीचा उच्चार ‘शिम्पू’ करी. ‘कामिकाझे’ हा उच्चार जगभर गेला. साडेतीन हजारांहून अधिक तरुण वैमानिक त्यात मेले. त्या डावपेचाचा सगळा अर्थ विमानात माणूस असण्यात होता. शाहेदमधून नेमका तोच वजा आहे. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे कामिकाझे हा कामिकाझे ठरला, ती गोष्ट काढून टाकली आणि नाव तेवढं ठेवलं.

यावर कुणी म्हणेल, यंत्र स्वतःचा नाश करून घेतं, म्हणून आत्मघाती. पण मग बंदुकीची गोळीही आत्मघातीच; तोफेचा गोळाही. फटाक्यालासुद्धा आपण तसं म्हणत नाही. हा शब्द बसतो तो ड्रोनला विमान समजल्यामुळे. विमान परत यायला हवं, हे आलं नाही, तेव्हा याने जीव दिला. अडचण इथे आहे : ‘ड्रोन’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, जाऊन परत येणारी. इस्रायली ‘हेरॉन’ ही त्यातली. हेरॉन म्हणजे बगळा, आणि तासन् तास स्थिर नजरेने टेहळणी करणाऱ्याला बगळ्याचं नाव शोभतंच. तुर्की ‘बायरक्तार’ही त्यातलीच, शब्दाचा अर्थ ध्वज धरणारा, आणि त्यातला ‘तार’ म्हणजे आपल्या हवालदार, जहागीरदारातला ‘दार’. दुसरी गोष्ट, जाऊन न येणारी : शाहेद, युक्रेनचा ‘ल्युती’.

हा फरक करणारे शब्द आपल्या परंपरेत फार जुने आहेत. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात आयुधांची वर्गवारी आहे. धनुष्यासारख्या यंत्रातून सुटणारं ते यंत्रमुक्त. हाताने फेकायचं ते पाणिमुक्त. फेकून पुन्हा हाती घ्यायचं ते मुक्तसंधारित. हातातून सोडायचंच नाही ते अमुक्त. तलवार अमुक्त, बाण यंत्रमुक्त. या चौकटीत हेरॉन आणि बायरक्तार मुक्तसंधारित ठरतात, शाहेद सरळसरळ यंत्रमुक्त. तो बाण आहे. पंख लावलेला, इंजिन बसवलेला, तासन् तास उडू शकणारा, पण बाण. ‘अस्त्र’ हा शब्दही फेकणे या अर्थाच्या ‘अस्’ धातूवरून आला आहे, आणि ‘शस्त्र’ कापणे या अर्थाच्या ‘शस्’वरून. अस्त्र ते, जे सुटतं.

सुटलेलं मागे घेता येतं का, हा पुढचा प्रश्नही जुन्यांना पडला होता. अस्त्रविद्येचे दोन भाग सांगितले आहेत : प्रयोग आणि उपसंहार. प्रयोग म्हणजे सोडणं, उपसंहार म्हणजे आवरून घेणं. महाभारतात युद्धाच्या शेवटी अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही महाअस्त्रं सोडतात. अर्जुनाला आपलं अस्त्र परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही, आणि त्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जातं. आज मराठीत उपसंहार हा ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणापुरता उरला आहे. लांब पल्ल्याच्या ड्रोनबद्दल बोलताना तो मूळ अर्थाने पुन्हा वापरण्यासारखा आहे. याचा उपसंहार आहे का, हाच प्रत्येक नव्या यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न.

नागपुरात बनणाऱ्या ‘नागास्त्र-१’ला तो आहे. सोलार इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने तयार केलेलं हे घिरट्या घालणारं अस्त्र २०२४ मध्ये सैन्याला मिळू लागलं. त्याचा पल्ला ३० किलोमीटरपर्यंतचा, म्हणजे शाहेदच्या मानाने अगदीच जवळचा, स्फोटकं किलोभर. लक्ष्य सापडलं नाही किंवा बेत रद्द झाला तर ते पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येतं. नाव देणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, ते तोच जाणे. पण कर्णपर्वात कर्णाचा नागबाण चुकून परत येतो आणि मला पुन्हा सोड म्हणतो. कर्ण नकार देतो. महाभारतातल्या नागाला जी दुसरी संधी नाकारली गेली, ती नागपूरच्या नागास्त्राला कारखान्यातूनच मिळून आली आहे. अशा अस्त्रालाही आपली वृत्तपत्रं ‘आत्मघाती’च म्हणतात, तेव्हा शब्द किती सैल झाला आहे ते कळतं.

नावांचा विषय निघालाच आहे तर त्यात थोडं रेंगाळायला हवं, कारण कोणत्या देशाला आपलं शस्त्र कसं दिसावंसं वाटतं ते नावात उतरतं. इराणचा ‘शाहेद’ म्हणजे साक्षीदार. अरबीतल्या याच धातूवरून ‘शहीद’ आला : प्राण देऊन साक्ष देणारा. मराठीत शहीद आहे, आणि त्याच्याशेजारी सावरकरांनी घडवलेला हुतात्मा. दोन्ही शब्दांत माणूस आहे आणि त्याचा प्राण आहे. इराणच्या दुसऱ्या एका ड्रोनचं नाव ‘अबाबील’. कुराणात हत्तींच्या सैन्यावर खडे टाकणारे पक्ष्यांचे थवे ते हे. तिसरा ‘आरश’. इराण आणि तुराण यांची सीमा ठरवण्यासाठी आरश नावाच्या तिरंदाजाने पर्वतावरून बाण सोडला, तो जिथे पडला तिथे सीमा ठरली. सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र मागे हटवणारा परशुराम आणि त्या बाणाच्या नावाने सांगितलं जाणारं गोव्यातलं बाणावली गाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. फरक एवढाच की आरशने त्या बाणात आपला प्राण ओतला आणि तो तिथेच गतप्राण झाला. आत्मघाती बाण म्हणायचाच तर तो एक. त्याचं नाव घेणाऱ्या यंत्रामागचा तिरंदाज जिवंत असतो.

रशियाने शाहेदला ‘गेरान’ म्हटलं, म्हणजे जिरेनियमचं फूल. ही त्यांची जुनी रीत. सोव्हिएत तोफांची नावं अशीच बागेतली होती : ग्वोझ्दिका म्हणजे कार्नेशन, त्युल्पान म्हणजे ट्युलिप, पियोन, अकात्सिया. जिरेनियमच्या शेंगेचा आकार क्रौंचाच्या चोचीसारखा, म्हणून ग्रीक ‘गेरानोस’ या पक्ष्यावरून फुलाला नाव. पक्ष्याचं नाव फुलाला, फुलाचं स्फोटकांना. गेरानबरोबर हवाई संरक्षणाला चकवायला जे स्वस्त तोतये ड्रोन पाठवतात, त्यांचं नाव ‘गर्बेरा’. आपल्याकडे पॉलिहाउसमध्ये पिकणारा आणि लग्नाच्या मांडवात लागणारा तोच जर्बेरा. एका शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर असल्याचे अंदाज आहेत, आणि त्याला पाडायला पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र सोडायचं तर सुमारे ४० लाख डॉलर पडतात. शाहेदहूनही स्वस्त फुलं पाठवून समोरच्याचा भाता रिकामा करायचा, हा हिशोब त्या नावामागे आहे. फुलांच्या नावाचं शस्त्र जपानकडेही होतं. १९४५ मध्ये वैमानिक बसवून सोडलेल्या रॉकेट-बाँबचं नाव ‘ओका’, चेरीचा बहर. त्यात माणूस होता, आणि तिथे आत्मघात हा शब्द अक्षरशः खरा होता.

युक्रेनची नावं रागातून आली आहेत. ‘ल्युती’ म्हणजे उग्र; युक्रेनी भाषेत फेब्रुवारी महिन्याचंही हेच नाव, आणि रशियाचं आक्रमण सुरू झालं ते २४ फेब्रुवारी २०२२ ला. ‘पाल्यानित्स्या’ हा एक पाव. रशियन जिभेला हा उच्चार नीट जमत नाही, म्हणून शत्रू ओळखायला हा शब्द बोलून दाखवायला सांगत. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी जेट इंजिनच्या नव्या ड्रोन-क्षेपणास्त्राचं हेच नाव जाहीर केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युक्रेनने वैमानिक काढून टाकलेलं एक साधं हलकं विमान स्फोटकं भरून बाराशेहून अधिक किलोमीटर आत, तातारस्तानमधल्या येलाबुगाला पाठवलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीतच गेरान बनतात.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात हे शब्द आपल्या घरात आले. पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं भारतीय सैन्याने पत्रकारांना सांगितलं. हारोप, सोंगार, भार्गवास्त्र, लॉयटरिंग म्युनिशन हे शब्द वाहिन्यांवरून गावोगाव गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘आत्मघाती’ आणि ‘मानवरहित’ हेही. दुसरा शब्दही पहिल्याइतकाच फसवा आहे. विमानात माणूस नाही हे खरं, पण त्याच्यामागे माणसांची फौज आहे : लक्ष्य निवडणारी, मार्ग आखणारी, इंधन भरणारी, रुळावरून किंवा ट्रकवरून ते सोडणारी, पडद्यासमोर बसलेली. ‘चालकरहित’ एक वेळ चालेल, तेही चालक आत नाही एवढ्याच अर्थाने. पुढे यंत्रंच लक्ष्य ओळखू लागतील, काही लागलीही आहेत. तरी त्यांना त्या दिशेला सोडणारा कुणीतरी असणारच.

पहिल्या शब्दाने मरणारा यंत्रात शोधायला लावला, दुसऱ्याने मारणारा पुसून टाकला. मग वाक्य असं तयार होतं : ‘आत्मघाती ड्रोन इमारतीवर आदळला.’ व्याकरणाने पाहिलं तर इथे कर्ता ड्रोन. मराठी वाक्यात आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग मानतो. अस्त्र सोडण्यालाही प्रयोगच म्हणतात, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, कर्ता कोण? या कामी मराठीकडे एक चोख क्रियापद आहे : डागणे. तापल्या लोखंडाने चटका देणं म्हणजे डागणं, आणि पेटती बत्ती तोफेच्या कानाला लावणं म्हणजे तोफ डागणं. या क्रियापदाला हात लागतोच. तोफ आपली आपण डागली जात नाही, ड्रोनही नाही.

तेव्हा बातम्या लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना एवढंच सांगणं. न परतणाऱ्या यंत्राला ‘स्फोटक ड्रोन’ म्हणा, घिरट्या घालणाऱ्याला तसं म्हणा, टेहळणी करून परतणाऱ्याला ‘टेहळणी ड्रोन’ म्हणा. हे शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. ‘आत्मघाती’ हा शब्द माणसांसाठी राखून ठेवा, त्याची गरज दुर्दैवाने तिथे अजून संपलेली नाही. आणि ड्रोन कुणी डागला हे ठाऊक असेल तेव्हा ते वाक्यात पहिल्यांदा लिहा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही, असं लिहा.